महालिंगअप्पांचं ‘नसलं तर?’

महालिंगअप्पा जिना चढताना पुढची पायरी जागेवर आहे का, ते आधी पायाच्या अंगठ्यानं चाचपून बघतात. जिना रोजचाच. आमचं ऑफिस लातुरात औसा रोडला आहे, खाली खत-बियाणांचं दुकान आणि वर आम्ही. जिना सिमेंटचा, दुकानमालकाच्या वडिलांनी बांधलेला, अजून त्याचा टवका उडालेला नाही. पण अप्पांचं आपलं चालूच. अंगठा पुढं करायचा, पायरीला टेकवायचा, मग पाय ठेवायचा. त्यांच्या मागून चढणाऱ्यानं तोवर देवाचं नाव घेत उभं राहायचं.

मी एकदा चिडून विचारलं, “अप्पा, पायरी कुठं पळून जाणाराय का?”

“जाणार न्हाई,” अप्पा म्हणाले. “पण नसली तर?”

घ्या! ह्या दोन शब्दांवर ह्या माणसाचं आख्खं आयुष्य उभं आहे. खाली गफूरभाईंच्या टपरीवर गेले की आधी उभ्या उभ्या चौकशी. “दूध हाय? साखर हाय? ग्यास हाय?” सगळ्याला हो आलं की मगच “एक चहा” म्हणणार. गफूरभाई एकदा वैतागले. म्हणाले, “अप्पा, मैं हूँ क्या नहीं, वो भी पूछ लेव.” अप्पांनी त्यांना खालून वरपर्यंत नीट बघितलं आणि शांतपणे सांगितलं, “तुम्ही दिसायलाव की.”

खांद्याला एक झोळी असते. तिच्यात मेणबत्ती, काडेपेटी, सुतळी, चमचा, चपलांचा दुसरा जोड आणि भर उन्हाळ्यात छत्री. कुणाच्या लग्नाला निघाले की त्यात जेवणाचा डबाही. “वाढपी आपल्यापातुर यायच्या आत संपलं तर?” मी ह्यावर पोट धरून हसले होते. मग निलंग्याच्या एका लग्नात खरंच आमच्या पंगतीला भात संपला, भाजी संपली, आणि मी अप्पांच्या डब्यातली ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी मुकाट्यानं खाल्ली. त्यांनी एका शब्दानं बोलून दाखवलं नाही. नुसता चमचा पुढं केला. बोलले असते तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

अप्पांचं लग्न झालेलं नाही. होणार तरी कसं? घर उदगीरचं, चांगलं खातंपितं, बाजारात किराण्याचं दुकान, कपाळाला विभूती, तोंडात शिवी नाही. स्थळं रांगेनं येत होती. पण पोहे खाऊन झाले की अप्पा मुलीच्या बापाला विचारायचे, “आन तुमच्या मुलीला मी पसंत नसलो तर?” आता मुलाकडच्यानं असं विचारायची आपल्यात रीत आहे का? बाप बिचारा गांगरून जायचा. त्याला वाटायचं, मुलात नक्की काहीतरी खोट आहे, नाहीतर एवढा गरीब होऊन कामून बोलला असता! शेवटी अप्पांच्या वडिलांनीच हात टेकले. “माल्या,” ते म्हणाले म्हणे, “बायको न्हाईच भेटली तर काय करायचं, ह्याची तयारी तुझी आधीपासनंच झालेली हाय. ऱ्हा तसाच.”

तसेच राहिले. आईवडील गेले, मागं ना भाऊ ना बहीण. दुकान मोडून अप्पा लातूरला आले, कॉम्प्युटर शिकले, काही वर्षं दुसऱ्यांना शिकवला, आणि आता पन्नाशीच्या उंबऱ्यावर आमच्याबरोबर मोबाईलची अ‍ॅप बनवतात. आणि राग बाजूला ठेवून सांगते, ह्या धंद्याला ह्याच्यापेक्षा लायक माणूस सापडायचा नाही.

कसं ते सांगते. अ‍ॅप म्हणजे डब्यांची मांडणी समजा. एका डब्यात नाव, एकात गाव, एकात फोन नंबर. गंमत अशी की एखाद्या डब्यात काहीच नसतं. शून्य नव्हे, कोरा कागद नव्हे, काहीच नाही. आमच्या धंद्यात त्याला नल म्हणतात. प्रोग्राम बिचारा विश्वासानं त्या डब्यात हात घालतो, हाताला काही लागत नाही, की ते येडं जागच्या जागी प्राण सोडतं. तुमच्या मोबाईलवर अ‍ॅप उघडता उघडता गायब होतं ना, त्यात कैक वेळा हेच झालेलं असतं.

नव्या भाषांनी ह्यावर इलाज काढलाय. लिहितानाच सांगून टाकायचं, हा डबा भरलेला असणारच की रिकामाही असू शकतो. असू शकत असेल तर प्रश्नचिन्ह लावायचं. मग ती भाषा सासूसारखी मागं उभी राहते. झाकण काढून बघितल्याशिवाय आणि नसलं तर काय करायचं ते लिहिल्याशिवाय पुढं सरकूच देत नाही. पण माणूस पडला आळशी. त्याच्यासाठी एक पळवाट ठेवलेली आहे, उद्गारचिन्ह. ते लावलं की भाषेला दम दिल्यासारखं होतं, ‘मी सांगतोय ना हाय म्हणून! घाल हात!’ भाषा गप्प बसते. आणि नंतर कुठंतरी आठवडी बाजारात कुणाच्या तरी हातात अ‍ॅप मरतं.

अप्पांना प्रश्नचिन्ह म्हणजे देवाघरचं लेणं आणि उद्गारचिन्ह म्हणजे साप. आमच्या ऑफिसात ते लावायचंच असेल तर अप्पांचा नियम असा, की उभं राहायचं, छातीवर हात ठेवायचा आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं, “हे असणारच, माझी जबाबदारी.” मी एका शाळेचं अ‍ॅप करत होते. मुलाच्या वडिलांचा फोन नंबर. घाई होती, उद्गारचिन्ह लावलं, उभी राहिले, छातीवर हात ठेवला आणि तोंड उघडलं. अप्पा नुसते माझ्याकडं बघत बसले. वडील. प्रत्येक मुलाला. असणारच? मी आपली खाली बसले आणि प्रश्नचिन्ह लावलं.

अशा ह्या अप्पांकडं एक दिवस काशीनाथनाना आले. नाना वधू-वर केंद्र चालवतात. कडक इस्त्रीचे पांढरे कपडे, खिशाला पेनांची रांग, आणि कुठल्याही गोष्टीवर एकच उत्तर, “जमवून टाकू.” त्यांनी कधीकाळी कुणाकडून तरी केंद्राचं अ‍ॅप करून घेतलेलं होतं. त्यात मुलामुलींची कार्डं. फोटो, शिक्षण, कूळ, गाव, सगळं बोटावर.

“तसं लई चांगलं चालतंय अप्पा,” नाना म्हणाले. “फकस्त एका पोरीचं कार्ड उघडलं की आख्खं अ‍ॅप गायब होतंय.”

“कोणत्या मोबाईलवर?”

“सगळ्याच.” नानांनी आवाज खाली आणला. “लोक काय काय बोलायलेत. पोरगी पांढऱ्या पायाची हाय म्हणं. मुरुडच्या एका बाईनं पोरासाठी तिचं कार्ड उघडलं, अ‍ॅप गेलं ते गेलं, वर घरातलं दूध नासलं. आता तिचं कार्ड कुणी उघडंना. मी बी उघडायच्या आधी हात जोडायलोय.”

मला आधी हसू फुटलं. मग अप्पांच्या तोंडाकडं लक्ष गेलं आणि ते आतच राहिलं. अप्पा चिडले होते. इतक्या वर्षांत हा माणूस चिडतो, हेच मला माहीत नव्हतं.

“पाय न्हाई पांढरा,” ते म्हणाले. “डबा रिकामा हाय कुठंतरी. द्या इकडं.”

सापडायला वेळ लागला नाही. मुलीचं नाव ऋतुजा, राहणार औसा. विज्ञान शाखेची पदवी, रक्त तपासायच्या लॅबमध्ये नोकरी, नाकीडोळी नीटस. सगळे डबे भरलेले, एक सोडून. मामाचं नाव आणि गाव.

आता तुम्हाला माहीतच आहे, आपल्याकडं बायोडाटात मामा लागतोच. पगार एक वेळ फुगवलेला चालतो, पण मामाचं कूळ खरं पाहिजे, नाहीतर दोन्हीकडची आजोळं एक निघाली की ठरलेलं स्थळ मोडतं. लग्नात मुलीला मांडवात आणतो मामा. अक्षता पडेपर्यंत तिच्या मागं उभा राहतो मामा. ज्यानं कुणी हे अ‍ॅप लिहिलं होतं तो आपल्यातलाच असणार. मामाच्या डब्यापुढं त्यानं छाती ठोकून उद्गारचिन्ह दिलं होतं.

“मामा नसंल कसा?” नाना म्हणाले. “मामा सगळ्यालाच असतोय.”

“तुमच्याच माणसानं जागा कोरी सोडलीय,” अप्पा म्हणाले.

तेव्हा नानांना आठवलं. मुलीच्या आईचं आख्खं माहेर भूकंपात गेलं होतं. आई, वडील, दोन भाऊ. ती तेव्हा लहान होती, पाहुण्यांकडं गेलेली म्हणून तेवढी वाचली. वसतिगृहात वाढली आणि तिथूनच तिचं लग्न झालं. नवरा औश्यात जीप चालवतो, माणूस भला आहे. पण ऋतुजाला मामा कुठून आणायचा?

आणि पुढं ऐका. अप्पांनी मग अ‍ॅपमधली बिनमामाची सगळीच कार्डं हुडकली. दोन मुलांची कार्डंही अशीच उघडताना बंद पडत होती. मी नानांना विचारलं, त्यांच्याबद्दल लोक काय म्हणतात? नाना म्हणाले, “त्येंच्या वेळंला नेटवर्क नसतंय.” बघा म्हणजे! मुलाचं कार्ड उघडलं नाही तर टॉवर खराब, आणि मुलीचं उघडलं नाही तर पाय पांढरा! मला इतका संताप आला की नानांसाठी मागवलेला चहा मी स्वतःच पिऊन टाकला.

दुरुस्ती चुटकीसरशी झाली. उद्गारचिन्ह काढलं, प्रश्नचिन्ह लावलं, मामा नसला तर ती ओळच दाखवायची नाही असं लिहिलं. पण अप्पांचं समाधान होतंय होय? ते खाली खताच्या दुकानात जाऊन उभे राहिले. सोयाबीनच्या बियाण्याला शेतकऱ्यांची ही गर्दी. प्रत्येकाला विनंती, “जरा मोबाईल द्या, एका पोरीचं कार्ड उघडतंय का बगायचंय.” एका पागोटेवाल्या म्हाताऱ्यानं त्यांना न्याहाळलं. “अप्पा,” तो कळवळून म्हणाला, “आता ह्या वयात?” आख्खं दुकान हसलं. अप्पा लाजून लाल झाले, पण मोबाईल काही सोडला नाही. जुना, नवा, काच फुटलेला, सगळ्यावर ऋतुजाचं कार्ड उघडलं.

पण नाना काही खूष नव्हते. “मामाची ओळच न्हाई म्हणल्यावर लोक आधी तेच विचारतेत,” ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी मुलीला आणि तिच्या आईला घेऊनच आले. आईचं नाव कमलताई. काटकुळी बाई, खुर्चीच्या अगदी कडेवर बसलेली. ऋतुजा मात्र पाय रोवून बसली.

“कुणाचं बी नाव टाकून देऊ,” नाना म्हणाले. “कोण बगायलंय? जमवून टाकू.”

“खोटं नाही टाकायचं,” ऋतुजा म्हणाली. “मामा नाही तर नाही. त्यात लाजायचं काय?”

“लाजायचं न्हाई गं,” कमलताई म्हणाल्या. “पण मांडवात माइकवर म्हणतेत, मुलीच्या मामानं मुलीला घेऊन यावं. तवा काय करशील? माझ्या लग्नात बी असंच पुकारलं. कुणीच उठंना. मग वसतिगृहाच्या शिपायानं आणलं मला, भला माणूस. पण बाया जे कुजबुजायलेल्या, ते अजून माझ्या कानात हाय. तुझ्या वक्ताला ते नको मला. त्याच्यासाठी खोटं लिहायचं तर लिहा बापा.”

अप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

“मी येतो,” ते म्हणाले.

“कुठं?” नानांनी विचारलं.

“मांडवात. मी आणतो पोरीला, मागं बी उभा ऱ्हातो. लिहा माझं नाव. महालिंगअप्पा, उदगीर. मी खरंच येणार हाय, म्हणजे खोटं होत न्हाई.”

“पण अप्पा, तुमचं कूळ—”

“येगळं हाय. बरंच झालं की. कुणाच्याच आडवं येणार न्हाई.”

ऋतुजा अप्पांकडं बघत राहिली. मग खुदकन हसली. “चालेल मामा,” ती म्हणाली. कमलताई मात्र पदराचं टोक बोटाभोवती गुंडाळत बसल्या.

थोड्याच दिवसांत नानांचा परिचय मेळावा होता. औसा रोडच्याच मंगल कार्यालयात, मोठा पडदा, त्यावर एकेकाचं कार्ड उघडायचं आणि मुलानं किंवा मुलीनं स्टेजवर येऊन चार शब्द बोलायचे. अप्पांनी हट्ट धरला, सगळ्यात आधी ऋतुजाचं कार्ड. सगळ्यांच्या देखत. हॉल गच्च भरलेला, आणि तिची गोष्ट ऐकलेली नाही असं एक माणूस त्यात नसेल. आता जर हे बंद पडलं असतं तर पोरीला औश्यात तोंड दाखवायला जागा उरली नसती. नानांनी मोबाईल हातात घेतला आणि सवयीनं हात जोडले.

“हात जोडू नका,” अप्पा खालून ओरडले. “उघडा!”

नानांनी बोट टेकवलं. पडद्यावर ऋतुजा आली. हसणारी, निळ्या ड्रेसमधली. नाव, शिक्षण, नोकरी, आई, वडील. मामा, महालिंगअप्पा, उदगीर. कार्ड खालीवर केलं, पुन्हा बंद करून पुन्हा उघडलं. काहीही झालं नाही. हॉलमध्ये कुणीतरी टाळी वाजवली आणि मग सगळ्यांनीच. ऋतुजा स्टेजवर आली आणि तिनं माइक घेऊन सांगितलं, “माझे पाय बघून घ्या, गव्हाळ हायत.” मी तर उभी राहून शिट्टी वाजवली. शेजारी बसलेल्या माझ्या नवऱ्यानं मला ओढून बसवलं.

मुरुडची ती नासक्या दुधाची बाई मुलाला घेऊन दुसऱ्या रांगेतच बसलेली होती. अप्पा सरळ तिच्यापुढं जाऊन उभे राहिले. “मावशी, ते दूध सकाळचं हुतं का आदल्या दिवशीचं?”

बाई चपापली. “आदल्या दिवशीचं. लाईट गेलती, फ्रिज बंद हुता.”

“मग?”

बाईचा मुलगाच हसायला लागला. त्याचं मुरुडला औषधांचं दुकान आहे. तो म्हणाला, “आई, मी तवाच म्हणलो हुतो.” आणि तो चहाच्या वेळी स्वतः उठून ऋतुजाशी बोलायला गेला. लांबण लावत नाही. जमलं. नाना सगळीकडं सांगत सुटले, मीच जमवून टाकलं म्हणून.

आता मामा म्हणून अप्पांची तयारी काय वर्णावी! मामाकडून नवरीला पिवळी साडी असते, ती घ्यायला मला बरोबर नेलं. दुकानदाराला प्रश्नांवर प्रश्न. रंग गेला तर? काठ उसवला तर? पदर आखूड पडला तर? दुकानदारानं शेवटी साडी त्यांच्या हातात दिली आणि म्हणाला, “अप्पा, तुम्हीच नेसून बघा.” लग्नाच्या दिवशी औश्याला पोचलो तर झोळीच्या जोडीला एक पोतं. जास्तीच्या अक्षता, जास्तीचा अंतरपाट, बॅटरी, हार, भटजींच्या घशाला खडीसाखर. नवीन धोतर, डोक्याला फेटा. एवढा रुबाब मी त्यांच्या अंगावर कधी बघितला नव्हता, आणि तो शोभतही होता.

ऋतुजा पिवळी साडी नेसून बसली. अप्पा दाराशी ताठ उभे. आता माइकवरून पुकारणार, तेवढ्यात बायकांमधली एक म्हातारी म्हणाली, “मामा, भाचीचं झालं. बहिणीचं लुगडं कुठं हाय?”

“कुणाच्या बहिणीचं?” अप्पांनी विचारलं.

“तुमच्या! माहेरचा आहेर आधी बहिणीला, मग बाकीच्याला. नवरीच्या आईला माहेरचं लुगडं नको का?”

अप्पांचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ह्या माणसानं लाईट जाईल म्हणून बॅटरी आणली होती, भटजींचा घसा बसेल म्हणून खडीसाखर आणली होती. पण भाचीचा मामा झालो म्हणजे आपल्याला बहीण झाली, हे त्यांच्या ध्यानातच आलेलं नव्हतं. आमच्यापैकी तरी कुणाच्या आलं होतं? मीही शहाणी पिवळी साडी घेऊन परत आले होते. कमलताई घाईनं म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या हो, काय न्हाई त्याचं.” पण त्यांची नजर जमिनीवरून वर येईना.

“मुहूर्त थांबवा,” अप्पा म्हणाले. आणि फेटा सावरत जे धावत सुटले, ते कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागं बसून बाजाराकडं दिसेनासे झाले. वाजंत्रीवाल्यांनी होती नव्हती ती सगळी गाणी वाजवली. भटजी घड्याळ बघून बघून थकले. मुरुडची विहीणबाई कुरकुरली, तेव्हा तिचा मुलगाच बोहल्यावरून म्हणाला, “मामा आल्याबिगर लग्न लागणार न्हाई.”

अप्पा आले. घामानं चिंब, हातात तीन पिशव्या. आत हिरवी, जांभळी आणि डाळिंबी साडी. कोणती आवडेल ते ठरवता येईना म्हणून तिन्ही उचलल्या होत्या. पण द्यायच्या कशा, ते कुठं माहीत होतं? त्याच म्हातारीनं शिकवलं. कुंकू पुढं केलं, अप्पांनी बोटानं कमलताईंच्या कपाळाला टेकवलं, साड्या पदरात घातल्या. कमलताईंनी त्या छातीशी धरल्या आणि भर मांडवात हुंदका दिला. आम्हा सगळ्या बायकांचे डोळे भरून आले. रडायचं नाही असं मी घरून ठरवून आले होते, ते राहिलं बाजूला.

“दादा,” कमलताई डोळे पुसत म्हणाल्या, “लुगडं दिलंव, आता दिवाळीला न्यायला बी येवं लागतंय बरं.”

“येतो,” अप्पा म्हणाले.

मग माइकवरून मुलीच्या मामाला पुकारलं आणि मामा मुलीला घेऊन आले.

अप्पांची दिवाळी म्हणजे काय, ते आम्हाला माहीत होतं. बाकी सगळे आपापल्या घरी, आणि अप्पा कुलूप काढून एकटे ऑफिसात. काय करता म्हणून विचारलं तर म्हणायचे, कुणाचं अ‍ॅप बंद पडलं तर बघायला माणूस पाहिजे. आम्हीही ते खरं धरून चाललो होतो, खोटं कामून बोलावं! यंदा मी भाऊबीजेच्या सकाळी नेमानं फराळाचा डबा घेऊन ऑफिसात गेले, तर दाराला कुलूप. म्हणून त्यांच्या खोलीवर गेले.

उन्हं चांगली वर आली होती. दारात रांगोळी, तीही नीट ठिपक्यांची. दार लोटलेलं आणि अप्पा बाहेर पायरीवर पहाऱ्याला बसलेले. नुसता बनियन आणि धोतर, शेजारी दुधाचं पातेलं झाकून ठेवलेलं. गल्लीतल्या पोरांना त्यांनी फटाके घेऊन मैदानाकडं पिटाळलं होतं. शेजारची बाई दारातूनच मला सांगायला लागली, अप्पा सकाळपासून कुकर लावू देईनात म्हणून. मी म्हटलं, “काय अप्पा, दिवाळीच्या दिवशी घराबाहेर काय करून राहिले?”

अप्पा ताडकन उठले. दोन्ही हात हलवत माझ्यापर्यंत आले आणि ओठांवर बोट ठेवलं.

“हळू बोला, वर्षाबाई,” ते कुजबुजले. “माझी बहीण झोपलीय.”